जयवंता पाट्यांची वलंदेज मुलखावरील मोहीम

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, नवतपा, म्हणजे ज्येष्ठाआधीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, ऐन भरात असता, नागपूर प्रांतीहून दगडी पाटे-वरवंटे दर्यापार वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, रॉटरडॅम बंदरी कैसे गेले, वाटेत जकातीच्या ठाण्यावर काय रण माजले, कोण खचले आणि कोण टिकले, याचा मजकूर साद्यंत लिहिला असे. पुढे कोणी म्हणेल की दगडच ते, गाडीत घातले आणि गेले, त्याची बखर ती काय लिहावयाची. त्याने आधी एक पाटा उचलोन पाहावा आणि मग बोलावे.

मूळ वर्तमान ऐसे की, मानेवाडा वस्तीत राजश्री जितेंद्रराव, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चाकरीस असलेले, यांचे कुटुंब हर्षाबाई राहत असत. घराणे पारशिवनीचे, शेती अद्याप तिकडेच. हर्षाबाईंनी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात परदेशी माल रवाना करण्याच्या कचेरीत बहुत वर्षे काम केले होते. मग कारखान्याने ती कचेरीच आटोपली आणि बाई घरी बसल्या, परंतु बसणे त्यांच्या जिवास मानवेना.

त्याच सुमारास त्यांची शाळासोबतीण अस्मिताबाई, लग्न होवोन वलंदेजांच्या देशी गेलेली, हिने रॉटरडॅम शहरी झणझणीत मटणाची सावजी खानावळ काढण्याचा मनसुबा केला आणि मोबाईलवरी खलिता धाडिला. मिक्सरात मसाला तापतो आणि चव मरते, तरी पाटे-वरवंटे पाठवावे. येथील इतर देशी खानावळीही घेण्यास राजी आहेत, म्हणोन कंटेनर भरोनच पाठवावे. खाली ताकीद लिहिली की, खानावळ आखाडात उघडणे आहे. श्रावण लागला की येथील मराठी मंडळी मटणाकडे ढुंकोन पाहणार नाहीत, आणि मग पुढे हिवाळा येवोन सर्व बेत मोडेल.

तेव्हा हर्षाबाईंनी पारशिवनीस कूच करोन कवडू पाथरवट यास गाठले. घरोघरी मिक्सर आल्यापासोन कवडूच्या छिन्नीस गंज चढला होता, आणि तो बायकोपोरांसह वीटभट्टीवर जाण्याच्या तयारीत होता. बाईंनी शब्द दिला की माल मी नेते, तू घडव. त्यावर कवडूने भट्टीच्या ठेकेदारास नकार कळविला, दोघे मेहुणे कुमकेस बोलाविले, आणि सारा हिवाळा आणि पुढे चैत्रापर्यंत त्यांच्या अंगणात टाकीच्या घावांचा आवाज थांबला नाही. शोभा यावी म्हणोन कवडूने प्रत्येक पाट्याच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरिले. आणि सासूबाईंची मर्जी राखावी म्हणोन हर्षाबाईंनी त्याखाली त्यांचे नाव कोरविले, 'जयवंता'.

परंतु मर्जी राखली गेली नाही. जयवंताबाईंनी पहिला पाटा पाहताच विचारले, "मले न इचारता माह्या नावाचे गोटे काहून विकून राहिली वं?" त्या दिवसापासोन सासूबाईंनी सुनेशी बोलणे टाकिले. एका घरात राहणे, एका पातेल्यातले जेवणे, परंतु निरोप सारे जितेंद्ररावांच्या मार्फत. जितेंद्रराव वीजकेंद्रात जादा पाळ्या मागोन घेऊ लागले.

इकडे दर्यावर निराळाच प्रळय. तांबड्या समुद्राच्या मुखाशी लढाई पेटोन व्यापारी जहाजांवर अग्निबाण पडू लागले होते. तेव्हा जहाजवाल्यांनी सुवेझची वाट सोडिली आणि अवघ्या आफ्रिका खंडास वळसा घालोन जाऊ लागले. वाट लांबली, मग गेलेली जहाजे वेळेवर परत येईनात, मग रिकामे कंटेनर नागपुरास पोहोचेनात, आणि भाडे तर ऐसे चढले की ऐकणाऱ्याने खाली बसावे. हर्षाबाईंचे वकील ताराचंदजी, ज्यांस लोक कस्टम एजंट म्हणतात, हे रोज नवे वर्तमान घेवोन येत. एक जहाज ठरले, ते न्हावाशेवा बंदर टाळोन परस्पर कोलंबोस गेले. दुसरे ठरले, त्यात जागा उरली नाही. ताराचंदजींच्या मोटारसायकलीचा आवाज आला की बाई हातातले काम टाकोन दाराशी येत.

अखेर एक जहाज पक्के जाहले आणि एक कंटेनर हाती आला. बुटीबोरीच्या वाटेवरील डेपोतून संध्याकाळी मालगाडी सुटणार, ती बंदरी जावोन जहाजास मिळणार. ही गाडी चुकली तर पुढले जहाज श्रावणातच पोहोचणार, हे ताराचंदजींनी बोटांवर मोजोन सांगितले.

वैशाख वद्य पंचमी, मंगळवार. वर पत्रा, खाली सिमेंट, मध्ये नागपूरचे ऊन, ऐशा त्या डेपोच्या गोदामी हर्षाबाई डेरेदाखल जाहल्या. तेथे संगणकाने नेमका त्यांचाच कंटेनर तपासणीस काढिला. जकातीचे अंमलदार राजश्री सुमंतराव जातीने पुढे आले. हे भोसल्यांच्या अमदानीत नागपुरी आलेल्या घराण्यातील, स्वभावे सज्जन, कोणाचा चहादेखील न घेणारे, आणि सही करण्यापूर्वी पेन तीन वेळा झाकणारे. वयाच्या ऐन उमेदीत त्यांनी इतिहास विषय घेवोन पदवी मिळविली होती, आणि तेच आज बाईंच्या मुळावर आले.

खोके फोडिले. आत गवतात दगडी फळ्या निजलेल्या. सुमंतरावांनी एकीवरील गवत दूर केले तो चंद्र-सूर्य दिसले, आणि खाली अक्षरे. त्यांनी दुसरी पाहिली, तिजवरही चंद्र-सूर्य आणि तेच नाव. सुमंतरावांचा चेहरा गंभीर जाहला. चंद्र-सूर्य असलेले शिलालेख त्यांनी पुस्तकात बहुत पाहिले होते, आणि जुन्या मूर्ती व कोरीव दगड चोरोन परदेशी धाडणाऱ्या टोळ्यांविषयी वरिष्ठांची ताकीद नुकतीच आली होती. त्यांनी हलक्या आवाजात पुसिले, "ही जयवंता कोण? कोणत्या राजघराण्यातली?"

"माही सासू आहे साहेब," हर्षाबाई म्हणाल्या. "मानेवाड्याले राहते."

सुमंतरावांस ही थट्टा वाटली. त्यांनी हुकूम फर्माविला की, कोरीव दगड आहेत, पुरातन नाहीत ऐसा पुरातत्त्व खात्याचा दाखला आणावा, तोवर माल हलणार नाही. ताराचंदजींनी बाईंस एकीकडे नेवोन सांगितले, "दाखला पंधरवड्याच्या आत निघत नाही, मॅडम. गाडी गेली समजा."

हर्षाबाई एका खोक्यावर बसल्या. पदराने घाम पुसला, परंतु तो पुसल्याने जाण्यासारखा नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे कवडू आला, भट्टीच्या ठेकेदारास नाही म्हणताना ताठ उभा राहिलेला. आता त्याला काय सांगावे? जहाजाची लढाई त्याला कळली असती, परंतु साहेबास पाटा ओळखू आला नाही हे त्यास कोणत्या तोंडाने सांगावे? ऐसा विचार करिता त्यांस राग आला, आणि रागातोन युक्ती आली. त्या उठोन सुमंतरावांपुढे गेल्या आणि अर्ज केला की, यांतील कोणताही पाटा साहेबांनी स्वतःच्या हाताने निवडावा, मी येथेच मसाला वाटोन दाखविते. ज्यावर मसाला वाटता येतो तो स्वयंपाकाचा जिन्नस, ही गोष्ट साहेबांस मान्य असावी. सुमंतरावांनी पेनाचे झाकण काढिले, लाविले, आणि रुकार दिला.

ताराचंदजींनी घोडदौड करोन हमरस्त्यावरील किराणा दुकानातोन लाल मिरची, सुके खोबरे, धणे, लसूण आणि मीठ ऐशी रसद आणिली. सुमंतरावांनी खोक्याच्या तळातील एक पाटा निवडिला. हमालांनी काम सोडोन कडे केले. आणि ऐन त्या समयी हर्षाबाईंस स्मरले की, आपण जन्मात पाट्यावर मसाला वाटलेला नाही. माहेरी मिक्सर होता, सासरीही मिक्सरच होता.

मग त्यांनी ते केले जे कित्येक महिन्यांत केले नव्हते. सासूबाईंस फोन लाविला. घंटा बहुत वेळ वाजली.

"आई, मी हर्षा. पाट्यावर मसाला कसा वाटाचा?"

पलीकडोन जयवंताबाई म्हणाल्या, "मिक्सर बिघडला का?"

"नाही. डेपोत आहो. साहेबाले वाटून दाखवलं नाही तं माल जात नाही. तुमचं नाव असलेला सारा माल."

पलीकडे खट्ट जाहले. बाईंस वाटले, फोन ठेविला. परंतु आवाज आला, आणि तो आवाज सेनापतीचा होता. "गुडघे टेकून बस. मिरची पहिले, मीठ टाक म्हणजे सरकत नाही. वरवंटा दाबू नको, लोटत ने अन् ओढत आण. पाणी हातानं शिपड, वतू नको. अन् आयक वं, पाटा नवा असन तं पहिले—"

तितक्यात पत्र्याच्या छपराने दगा दिला आणि मोबाईलची रेंज गेली. पहिले काय करावे, ते मानेवाड्यातच राहिले.

हर्षाबाईंनी गुडघे टेकिले आणि वरवंटा धरिला. प्रथम मिरची उडोन हमालांच्या पायाशी गेली, मग लसूण निसटला, मग दोन नखे गेली. परंतु हात चालू राहिला, आणि लोटता-ओढता वरवंट्यास वाट सापडली. मिरचीचा ठसका उठोन ताराचंदजी बाहेर पळाले, हमाल शिंकू लागले, सुमंतरावांच्या डोळ्यांतोन धारा लागल्या, तरी ते खुर्ची सोडोन उठले नाहीत. लाल, दाट, तेल सुटलेला गोळा तयार जाहला. सुमंतरावांनी आपला डबा मागविला, पोळीचा तुकडा मोडिला, मसाला लाविला, आणि तोंडात घातला.

कचकन आवाज जाहला. तो गोदामात सर्वांनी ऐकिला.

सुमंतरावांनी गालास हात लाविला आणि चावणे थांबविले. कोणी शिंकेना. हर्षाबाईंच्या हातातील वरवंटा तसाच राहिला. आता लपवोन काय उपयोग, ऐसे मनी आणोन त्या म्हणाल्या, "साहेब, पाटा नवा आहे. रेती सोडून राहिला. मले माहीत असाले पायजे होतं. चुकलं माहं."

सुमंतरावांनी तोंडातील कण तळहातावर घेतला. चष्मा वर करोन पाहिला. मग खाली वाकोन, पाट्याच्या अंगावरोन बोट फिरविले आणि बोटावर आलेली करडी पूड बहुत वेळ निरखिली. अखेर म्हणाले, "शंभर वर्षे वापरलेला दगड रेती सोडत नाही."

"नाही ना साहेब. मागच्या महिन्यात टाकी लावली त्याले."

सुमंतराव खुर्चीवर बसले आणि फर्मान लिहविले. सदर दगड अगदी नवे असोन ते अंमलदाराच्या दाताने पारखण्यात आले आहेत, त्यांवर वाटलेला पदार्थ अंमलदाराने समक्ष खाल्ला आहे, सबब माल स्वयंपाकाचा जिन्नस समजोन सोडावा. सही करण्यापूर्वी त्यांनी पेन एकदाही झाकले नाही. मग रेती चुकवीत, डोळे पुशीत, त्यांनी उरलेली पोळीही त्या मसाल्याशी संपविली.

दिवस मावळता कंटेनरास मोहर लागली, क्रेनने तो मालगाडीवर ठेविला, आणि गाडी निघोन गेली. गाडी दिसेनाशी होईतो हर्षाबाई उभ्या राहिल्या. मग कवडूस फोन करोन इतकेच सांगितले, "गेले गा भाऊ." पलीकडे मागे मेहुण्यांच्या टाकीचा आवाज चालू होता तो थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू जाहला.

घरी जाता जयवंताबाई दारातच उभ्या होत्या. सुनेचे लाल हात आणि मोडकी नखे पाहिली आणि म्हणाल्या, "पहिले तांदूळ वाटाचे असतात. चार डाव. रेती निघते तवरिक. सांगतच होती मी." मग आत जावोन खोबरेल तेलाची वाटी आणिली आणि सुनेच्या हातास चोळू लागल्या. जितेंद्रराव रात्रपाळीस निघाले होते, ते दाराशी थबकले. निरोप सांगण्यासारखे कोणाकडेच काही नव्हते.

पुढे सासू-सुनेचा तह जाहला, त्याची कलमे जयवंताबाईंनी ठरविली. नाव राहील. परंतु ज्या पाट्यावर ते नाव, तो जयवंताबाईंनी स्वतः पारशिवनीस जावोन पाहिल्यावाचोन गवतात बांधला जाणार नाही. आणि मसलत करणे ती आधी करावी, नंतर नव्हे.

जहाज आफ्रिकेस वळसा घालोन, दक्षिणेच्या टोकाशी वादळात अडकोन, दोन बंदरे टाळोन, आषाढ सरता सरता रॉटरडॅमास लागले. जयवंताबाईंनी फोनवरोन अस्मिताबाईंकडोन प्रत्येक पाट्यावर तांदूळ वाटविले. आषाढ अमावास्येस, श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, सावजी खानावळ उघडली आणि वलंदेजांसह सर्वांनी घाम पुशीत दुसऱ्यांदा रस्सा मागितला. श्रावणभर मराठी मंडळी फिरकली नाहीत, वलंदेज मात्र रोज येत राहिले. भाद्रपदात दुसऱ्या कंटेनराच्या मागणीचा खलिता आला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नुकसान ऐसे: आमचेकडील नखे दोन, मसाल्याने रंगलेली साडी एक, प्रवासात फुटलेले पाटे तीन, सरकारपक्षी सुमंतरावांच्या दाढेतील निखळलेले भरण एक, त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. प्रस्तुत जयवंताबाई पारशिवनीस कवडूच्या अंगणात, कडुनिंबाखाली, पाट्यांच्या रांगेत बसोन तांदूळ वाटीत आहेत, चाळीस पाटे पसंत केले, एक परत सारिला आणि कवडूस म्हणाल्या, "हा नाही चालाचा गा. पुन्हा टाकी लाव." कवडूने पाटा उचलिला. हर्षाबाईंनी तो वगळोन बाकी बांधावयास घेतले. हे खरे म्हणोन लिहिले असे.