गब्दूचं जलप्रशिक्षण

कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर घरी आला तरी सेफ्टी ऑफिसरच राहतो. आमचे साहेब तर चहा पिण्याआधी कपाचा कान हलवून बघत. त्यामुळे सासूबाईंच्या कुत्र्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "माझ्यावर सोड. तू निर्धास्त राहा." आणि तिथून त्यांच्या बायकोची झोप उडाली.

झालं होतं असं, की सासूबाई एकट्या राहून कंटाळल्या होत्या. दोन लेकींपैकी कुणाकडे जायचं, एवढंच ठरायचं होतं. धाकटीचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, आईसाठी जीव तुटत होता. पण आईचा जीव अडकला होता तिच्या कुत्र्यात, गब्दूत, आणि साहेबांच्या परसात होता पोहण्याचा तलाव. थोरल्या जावयाने लगेच काडी टाकली, "आई, आमच्याकडे बादलीपेक्षा खोल पाणी नाही." शेवटी सासूबाईंनी गब्दूला पुढे धाडलं. "आठवडाभर सांभाळून दाखवा. मग मी येऊन बघते आणि ठरवते."

"अहो, सरळ कुंपण घालू या," बायको म्हणाली. "फाटक, फाटकाला कडी. विषय संपला."

"कुंपण काय, कुणीही घालेल. अगं, कुत्री बुडतात ती पोहता येत नाही म्हणून नव्हे. बाहेर यायच्या पायऱ्या सापडत नाहीत, मग दमतात बिचारी. गब्दूला पायऱ्या शिकवल्या की झालं."

बोलणं अगदी खरं होतं. घोडं पेंड खात होतं ते पुढे.

गब्दू म्हणजे चार पायांवर ठेवलेली गादी. पाण्याच्या तर तो वाऱ्यालाही उभा राहत नसे. साहेबांनी त्याला नारिंगी जाकीट चढवलं, उचलून उथळ पाण्यात नेलं आणि पायऱ्या दाखवल्या. गब्दूने डोळे मिटून घेतले. मग साहेब स्वतःच चार पायांवर पायऱ्या चढले, वर येऊन त्यांनी कठड्यावरचं बिस्किट खाल्लं आणि स्वतःलाच "शाब्बास" म्हणाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने हे पाहिलं आणि मुकाट्याने पडदा ओढला.

पण बिस्किट पाहून गब्दूचे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी तो पायऱ्या चढला. तिसऱ्या दिवशी धावत चढला. त्यानंतर त्याला पाण्यात न्यायचीही गरज उरली नाही. तो आपला आपणच उडी मारायचा, पायऱ्यांनी वर यायचा आणि साहेबांपुढे तोंड उघडून बसायचा. दिवसभर हाच उद्योग. सोफा ओला, गालिचा ओला, साहेबांची कारखान्याची पँट ओली.

"अहो," बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही त्याला बाहेर यायला शिकवलंत, की आत जायला?"

साहेब चपापले. पण हार मानतील तर ते साहेब कसले? त्यांनी गब्दूचं बिस्किट बंद केलं. गब्दू अजून दोनदा उडी मारून आला, रिकाम्या हातांकडे बघत राहिला आणि मग विचारात पडला. बिस्किट मिळतं पायऱ्या चढून येणाऱ्याला, हे तर त्याने साहेबांकडूनच पाहिलं होतं. आपण चढून मिळत नाही ना? मग दुसऱ्या कुणालातरी चढवून बघू.

नेमक्या त्याच दिवशी सासूबाई आल्या.

"काय जावईबापू, माझं बाळ सुखरूप आहे ना?"

"या ना आई, दाखवतोच," म्हणत साहेब त्यांना तलावाच्या काठाशी घेऊन गेले. गब्दू कोरडा ठणठणीत, शहाण्यासारखा बसलेला. साहेबांच्या जिवात जीव आला. "बघा, पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही."

खरंच नव्हता बघत. तो सासूबाईंच्या पाठीकडे बघत होता.

धप्प!

पाणी कमरेएवढंच होतं म्हणून बरं. सासूबाई चष्म्यासकट वर आल्या. त्यांना काढायला साहेब बुटांसकट उतरले. दोघं हात धरून पायऱ्या चढून आले, तर वर गब्दू हजर. तो एकदा सासूबाईंकडे बघे, एकदा साहेबांच्या खिशाकडे, आणि भुंके. थांबायचं नावच घेईना.

"काय म्हणतोय हा?" सासूबाईंनी विचारलं.

उत्तर बायकोने दिलं. "आई, तो म्हणतोय, तुला बिस्किट द्या."

आता थोरलीकडचा रस्ता पक्का, असं समजून बायकोचे डोळे भरून आले. सासूबाई टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ पोट धरून हसत राहिल्या.

"राहते मी इथेच," त्या म्हणाल्या. "कुत्र्याची काळजी मिटली, त्याला बाहेर येता येतं. लक्ष ठेवायला हवं ते जावयावर. आणि उद्या आधी कुंपण."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भर उन्हात खांब रोवले, जाळी ताणली, फाटकाला कडी बसवली. बायको बाहेर आली, तिने कडी दोनदा ओढून पाहिली, "शाब्बास" म्हणाली आणि त्यांच्या तळहातावर एक बिस्किट ठेवलं.

साहेबांना भारी अपमान वाटला. पण गब्दू टक लावून बघत होता, म्हणून त्यांनी ते घाईघाईने खाऊन टाकलं.