सोनगीरचे सुरक्षित रॉकेट

सोनगीर परिसरात यापुढे गारपीट होऊ नये, असा निर्णय जिल्हा पातळीवर घेण्यात आला. साल १९९२. ढगात रॉकेट सोडून औषध उडवले की गारा विरघळतात, असे वरिष्ठांनी कुठेतरी वाचले होते. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनातले शालिग्राम सर कामाला लागले.

सरांनी जीव ओतून रॉकेट केले. ते भरकटले तर गावावर पडेल, म्हणून आत एक पेटी बसवली. रॉकेटने वाट सोडली, की पेटीने कोणालाही न विचारता ते हवेतच फोडायचे.

सुरक्षा समितीचे अध्यक्ष देवरेसाहेब तिथेच अडले.

"कोणालाही न विचारता? आमचा शिपाईसुद्धा असं धाडस करत नाही, सर."

"साहेब, विचारेपर्यंत ते गावावर पडेल."

"पडू द्या. पण विचारून पडलं पाहिजे."

शेवटी तोडगा निघाला. रॉकेट कुठे गेले की फोडायचे, ती ठिकाणे आधीच मंजूर करून पेटीत भरावीत. त्यासाठी नागरिकांच्या हरकती मागवाव्यात.

ग्रामपंचायतीपुढे ही झुंबड उडाली. "भाऊ, मना घरवरथीन जाऊ देऊ नका," द्रौपदाबाई म्हणाल्या, "पत्रा नवा शे." कौतिक आबांनी आपले खळे सांगितले. देऊळ आणि मशीद यांच्या विश्वस्तांनी आयुष्यात प्रथमच संयुक्त निवेदन दिले. शाळा आली, किल्ला आला, आग्रा रोड आला. देवरेसाहेबांनी आपल्या जीपचा समावेश स्वतः केला.

"सर, आता आभाळ उरलं कुठं?" पेटीच्या तारा जोडणारे नासीर सर म्हणाले.

"सरळ वर आहे ना! मंजुरी तर हातात पडू दे." शालिग्राम सर हसले, पण ते हसू त्यांचे त्यांनाच पटले नाही.

मंजुरी आली. वरच्या हवेबाबत दिल्लीला विचारणा केली असून, उत्तर येईपर्यंत रॉकेटने मैदानातल्या कडुनिंबाच्या शेंड्यापलीकडे जाऊ नये, अशी तळटीप होती. सरांनी तीही पेटीत घातली.

फेब्रुवारीत सातपुड्याकडून काळाकुट्ट ढग आला. सगळे गाव मैदानात जमले. पहिले रॉकेट सुटले, शेंड्याशी पोचले आणि नियमानुसार फुटले. दुसरेही. तिसरेही. दर वेळी टाळ्या पडल्या. "एकही चूक नाही!" देवरेसाहेबांनी सरांचा हात दाबला.

मग गारा सुरू झाल्या.

लिंबाएवढ्या. गहू झोपला, पत्र्यांच्या चाळण्या झाल्या. दोघे सर जीपखाली पालथे पडून ऐकत होते. गारा थांबल्यावर द्रौपदाबाई डोक्यावर घमेले धरून आल्या. सरांना मान वर करवेना.

"अक्का, चुकलंच आमचं."

"चुकनं काय भाऊ? पत्रा बठ्ठा गया, पन तुमनं राकेट काही पडनं नई!"

समितीच्या अहवालातही नेमके हेच, जरा शुद्ध भाषेत लिहिले होते. सरांना बढती मिळाली. आता जिल्ह्यातल्या सगळ्या गावांच्या हरकती तेच घेतात, आणि अडवण्यासारखे काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पुढची पाळी तुमच्या गावाची आहे. हसून झाले असेल, तर तुमचे घर कोणत्या बाजूला येते, तेवढे सांगून ठेवा.