बुटांमागचा टेकू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर जर्सी सिटीच्या लायब्ररीत जाऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या माणसांचे बूट बघितले.

भिंतीवर त्यांचे जुने, दुर्मीळ फोटो लावले होते. राष्ट्राध्यक्ष, सेनापती, पुस्तकं लिहिणारे. लोक तोंडं बघत होते. माझी बायको सुमन प्रत्येकापुढे वाकून बुटांच्या मागे बघायची.

हे खूळ आमच्या पोरामुळे, नितीनमुळे. पहिल्यांदा त्यानंच आम्हाला तिथं नेलं आणि पाटी वाचून सांगितलं, त्या काळी फोटो निघायला फार वेळ लागे. माणूस हलला की चेहरा पुसट. म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू उभा करायचे, त्यावर डोकं टेकवायचं. टेकू माणसाआड लपायचा, पण त्याचे पाय कधी कधी बुटांमागे दिसून जायचे.

झालं. सुमनला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण जेवणं आटोपली की मला घेऊन लायब्ररीत. "अहो, सापडला बघा." चोर पकडल्यासारखी. दाढीवाल्या राष्ट्राध्यक्षाच्या मागे टेकू सापडला, त्या दिवशी घरी शिरा केला. "एवढा मोठा माणूस, पण धरायला कुणीतरी लागलंच ना," म्हणाली.

स्वतःचा एकटीचा फोटो मात्र काढू द्यायची नाही. एकटीचा फोटो हारासाठी असतो म्हणे. नितीननं डिजिटल कॅमेरा काढला की मला खुर्चीत बसवायची, स्वतः मागे उभी. मी गवंडी माणूस, जन्मभर वाकून पाठीला पोक आलेलं. मागून बोट टोचायची. "ताठ." सगळ्या फोटोंत माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

त्या शेवटच्या दिवशी लायब्ररीतून आलो, तिनं चहा ठेवला आणि ओट्यापाशीच खाली बसली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेली होती.

दिवसकार्य उरकलं. भिंतीवर लावायला फोटो हवा. पासपोर्टचा होता, पण त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी. नितीन दोघांच्या फोटोतून मला कापायला कंप्युटरवर बसला. फोटोतून मी निघालो, तर तिच्या खांद्याच्या जागी भोक.

म्हटलं, "राहू दे मला तिथंच."

"बाबा, हार घालायचाय. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

"तिच्या बाजूला घाल. मी सरकून बसतो."

पोरगं हसलं, मग रडायला लागलं. त्याला रडू दिलं आणि तो फोटो मी नीट बघितला. तिच्यासारखे आधी पाय बघितले. माझ्या बुटांमागे, खुर्चीच्या पायांमधून, तिच्या चपला दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच लायब्ररीत गेलो. दाढीवाल्यापुढे उभा राहिलो. जमेल तेवढा ताठ.

"तुझा टेकू लोखंडाचा होता," म्हटलं त्याला, "म्हणून अजून उभा आहे."