काकांच्या आधी कोणी उठायचं नाही

आपण हात लावलेल्या संगणकात एकही काम उपाशी राहणार नाही, अशी उल्हास पायगुंडेची खात्री होती. ती खात्री तो कुणी मागितली नसतानाही देत असे.

काशीत दुर्गाघाटावरच्या घरात, वरच्या खोलीत बसून तो एका कंपनीची नोकरी करायचा. संगणकात एका वेळी शेकडो कामं चालू असतात आणि प्रोसेसर मोजकेच. कुणाला किती वेळ द्यायचा हे कर्नेल ठरवतं, म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. त्यासाठी कामांची उतरंड लावून द्यावी लागते: वर कोण, खाली कोण, कुणाच्या वाट्यातून कुणाला. ही उतरंड बरोबर लागली आहे की नाही, हे आधीच तपासणारा प्रोग्राम उल्हासने लिहिला होता. "उतरंड सगळेच लावतात, तपासतो मी," असं तो गल्लीतल्या भाजीवालीलाही सांगे. ती म्हणायची, "अच्छा भइया. धनिया दूँ?"

असा माणूस घरात असताना नरहरकाकांचा घनपाठ नागपूरला ऐकवण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार?

नरहरकाका म्हणजे उल्हासचे चुलते, जुने घनपाठी. वेदातले शब्द पुढून, मागून, उलटसुलट गुंफत म्हणायचे तो घनपाठ. एकदा बसलं की संपेपर्यंत मध्ये अक्षर बोलायचं नाही. काकांना आताशा दम लागायचा. "सबंध पाठ आता एकदाच म्हणणार," त्यांनी सांगितलं होतं, "तोही शरूसाठी. मग बस."

शरू म्हणजे शरदिनीआत्या, काकांची धाकटी बहीण. नागपूरला मुलाकडे, ऋतुराजकडे, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. लहानपणी आजोबा काकांना संथा द्यायचे तेव्हा ही दाराआड तांदूळ निवडत ऐकायची. तिला कुणी शिकवलं नाही, तशी रीतच नव्हती. आता तिचं एकच मागणं होतं, जायच्या आधी दादाचा घन एकदा पुरता ऐकायचा.

"साधा फोन लावून पाटावर ठेव की," सकाळी गीताकाकू म्हणाल्या. "शरूवन्संना तेवढं पुरे."

उल्हास हसला. "काकू, फोनवर घाटाच्या घंटा आणि नावांची इंजिनंच ऐकू येतील. मी काकांचा आवाज गाळून, स्वच्छ करून पाठवणार. वर चित्र, शिवाय रेकॉर्डिंग."

त्याने उतरंड लावली. काकांचा आवाज स्वच्छ करण्याचं काम सगळ्यात वर. त्याखाली चित्र, नागपूरला पाठवणं, साठवणं. आणि मग संस्कार आडवे आले. पायगुंड्यांकडे पंगतीत सर्वांत वडीलधारा माणूस उठल्याशिवाय कोणी उठत नाही, मग भात वाळून हाताला चिकटला तरी चालेल. उल्हासने संगणकालाही तीच शिस्त लावली. काकांचं काम स्वतःहून थांबेपर्यंत बाकीच्यांनी हलायचं नाही.

त्याच्याच प्रोग्रामने लाल अक्षरांत कळवलं: वरचं काम थांबलं नाही तर खालची सगळी उपाशी राहतील.

"काकांच्या आधी उठणार आहेत का?" असं म्हणून उल्हासने तपासणीच बंद केली. मग स्वतः "हॅलो... हॅलो... ऐकू येतंय?" करून पाहिलं. ऋतुराज म्हणाला, एकदम क्लिअर. येणारच. हॅलो म्हणणारा माणूस मध्ये श्वास घेतो, तेवढ्यात बाकीची कामं दोन घास खाऊन घेतात. घनपाठी श्वास कधी घेतो हे त्याच्या बायकोलाही कळत नाही.

काका पाटावर बसले. घरातले सगळे फोन बंद करून माजघरात ठेवले गेले, तो काकांचा नियम. पाठ सुरू झाला, आणि काय सुरू झाला! काकूंनी डोळ्यांना पदर लावला. उल्हासच्या पडद्यावर काकांच्या आवाजाची हिरवी पट्टी नाचत होती. तो तिच्याकडेच पाहत बसला, लेकाचं बक्षीस पाहावं तसा.

पहिल्या ऋचेनंतर काकांची लय लागली, श्वासाची फट मिटली, आणि तिकडे नागपूरला टीव्हीवरचे काका थिजले. डोळे वर, तोंड उघडं, आवाज अर्ध्या शब्दावर तुटलेला. ऋतुराजने टीव्ही हलवला, वायर काढून लावली. काका तसेच.

"गेला," आत्या म्हणाल्या. "माझा दादा गेला. काशीत, वेद म्हणता म्हणता. असं मरण मागून मिळत नाही रे." आणि त्यांनी हंबरडा फोडला.

ऋतुराजने फोन लावले, सगळे बंद. त्याची खात्रीच पटली. घरात आंघोळी झाल्या, ऐकायला जमलेल्या पाहुण्यांसाठी केलेला शिरा शेजारी गेला. मग त्याने काकांच्या ओळखीच्या नाववाल्याला, शिवरामला, फोन केला.

इकडे पाठ रंगात आला होता, तेवढ्यात शिवराम दारात उभा राहिला. खांद्यावर गमछा, मागे गल्लीतली चार माणसं, एकाच्या हातात झेंडूचे हार. "भइया, नाव लगा दी है," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लकड़ी का भी बोल दिया। पंडितजी को नीचे कब लाना है?"

मग आतून येणारा आवाज त्याच्या कानावर पडला. तो वाकला, खोलीत डोकावला आणि उंबऱ्यातच बसला. "राम राम. ये तो बोल रहे हैं।"

काका बोलतच होते. चार माणसं, हार, गमछा, सगळं त्यांना दिसत होतं. भुवया कपाळावर गेल्या, पण पाठ मध्ये सोडायचा नव्हता. उल्हासने फोन चालू केला तशी ऋतुराजची रडवेली हाक आली, "कधी नेताय?"

"अरे, जिवंत आहेत."

"मग दे ना त्यांच्याकडे. आई ऐकतच नाहीये."

"देता येत नाही. पाठ चाललाय."

हे उत्तर ऐकून तिकडे रडणं दुप्पट वाढलं.

पाठ संपला. काकांनी हात जोडले, पाण्याचा घोट घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "शरूने ऐकलं?"

उल्हासने संगणकाकडे पाहिलं. साठवलेली होती ती फक्त पहिली ऋचा. सगळ्या पंगतीला उपाशी ठेवून काका एकटेच जेवले होते. त्याला इतकी लाज वाटली की त्याने संगणक बंद केला आणि काकूंचा साधा फोन नागपूरला लावून पाटावर नेऊन ठेवला.

"मी आहे गं," काका म्हणाले. आवाज पार बसला होता.

"दादा, पहिलीच ऐकली रे. पुढचं?"

काकांनी सुरुवात केली. दुसऱ्या शब्दाला ठसका आला, तिसऱ्याला छाती भरली. त्यांनी मान हलवली. ते आता होणार नव्हतं, आज नाही आणि पुन्हाही नाही. उल्हासला वाटलं, शिवरामने नाव आणलीच आहे तर आपणच जाऊन बसावं.

"राहू दे, दादा," आत्या म्हणाल्या. क्षणभर नुसती खरखर ऐकू आली. मग त्या खरखरीतून बारीक, म्हातारा आवाज निघाला. दुसरी ऋचा. पुढून, मागून, उलटसुलट, एकही शब्द न चुकता. दाराआड तांदूळ निवडताना कानावर पडलेली.

काकांनी डोळे मिटले. बायकांनी वेद म्हणण्यावर ते एरवी तासभर बोलू शकत. आज त्यांचं बोट गुडघ्यावर नुसतं ताल धरत होतं. शिवरामने गमछा तोंडावर घेतला. बाहेर घंटा वाजली, घाटावर इंजिन सुरू झालं, आणि तरीही प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं.

आत्या थांबल्या. "बरोबर आलं का रे?"

"बरोबर," काका म्हणाले.

गीताकाकूंनी डोळे पुसले आणि कौतुकाने उल्हासकडे वळून विचारलं, "हे तरी रेकॉर्ड केलंस ना, बाळा?"