विहीणबाईंच्या माशांचा खुनी

"आख्ख्या भिवंडी तालुक्यात माझ्यासारखं डोकं दुसऱ्या कोणाला नाही," लडकू मढवी स्कूटरच्या मागच्या सीटवरून सांगत होते. "गोडाऊनच्या गेटवर सुपरवायझर होतो तेव्हा माणसाची नुसती चाल बघून सांगायचो, याच्या खिशात काय आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"मामा, हेल्मेट उलटं घातलंय तुम्ही," पुढून विनिता म्हणाली.

"मुद्दाम. कोणी पाठलाग करत असेल तर त्याला वाटलं पाहिजे, मी त्याच्याकडेच बघतोय."

विनिता लडकूमामांची सख्खी भाची आणि एकुलती एक असिस्टंट. हे पद तिने मागितलं नव्हतं. तिच्याकडे स्कूटर होती, मामांकडे लायसन्स नव्हतं, एवढ्या भांडवलावर ते तिच्या गळ्यात पडलं. एरवी मामांचे तपास ती हसण्यावारी न्यायची. या वेळी हसू येत नव्हतं, कारण मामला करिष्माच्या लग्नाचा होता, आणि करिष्मा तिची शाळेपासूनची मैत्रीण.

झालं होतं असं. कोन गावच्या केसरीनाथ भोईरांच्या करिष्माचं भिवंडीतल्या मिहिरशी जमलं. मिहिरच्या घरी सगळे शिक्षक. साखरपुड्याला त्याच्या आईने, आसावरीबाईंनी, आहेर म्हणून काचेची टाकी आणि गोल्डफिशची जोडी दिली. थोड्याच दिवसांत जोडी उलटी तरंगायला लागली. करिष्माच्या आईने, पार्वतीकाकूंनी, भिवंडीच्या निजामपुऱ्यातून गुपचूप तशीच दुसरी जोडी आणली. तीही गेली. आता तिसरी जोडी पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होती, आणि रविवारी आसावरीबाई लग्नाची तारीख पक्की करायला येणार होत्या.

"सासरचा आहेर घरात टिकत न्हाय, याचा अर्थ काय?" पार्वतीकाकूंनी दारातच विचारलं. "ही जोडी गेली तर मी तारीख धरनार न्हाय. देवालाच हे लगीन नको हाय, असं समजेन."

करिष्माने विनिताचा हात असा धरला की बांगडी रुतली. "काहीतरी कर गं."

"मी काय करू? मी फक्त स्कूटर चालवते."

मामांनी टाकीभोवती एक फेरी मारली, काचेला कान लावला आणि जाहीर केलं, "मासे बुडून मेलेले नाहीत. त्यांना पोहता येत होतं."

केसरीनाथकाकांनी मान डोलावली. माणूस हुशार वाटत होता.

"घराचा वैरी कोण?"

"माझा भाऊ हाय, तुळशीराम. बांधावरून वाजलंय आमचं."

"शेवटचा कधी आला?"

"साखरपुड्याला. चा प्यायला. साखर कमी हाय बोलला."

"बस्स!" मामा म्हणाले. "मनात कडवटपणा आहे."

तुळशीरामकाकांना बोलावलं. आरोप ऐकून त्यांना राग आला नाही, किळस आली. "मासा मारायचा तर मी जालं टाकून मारीन आनि खाईन. विष घालून मासा वाया कोन घालवील?"

"बरोबर हाय त्याचं," केसरीनाथकाका म्हणाले. बऱ्याच वर्षांनी दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

मग मामांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. टाकीतून गॅस सरळ दिसत होता आणि गॅसवर बोंबील तळले जात होते. "सापडलं! समोर रोज नातेवाईक तळले जातायत. हा मानसिक धक्का आहे." त्या दिवसापासून घरात मासळी बंद. केसरीनाथकाका डाळभात खाऊन टाकीसमोर बसत आणि माशांसारखेच धापा टाकत.

मासे सुधारले नाहीत. मग मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमच्या खटखटीने त्यांचं काळीज कमजोर झालं, असं ठरलं आणि टाकीला गोधडी गुंडाळली. मासे दिसेनासे झाले, त्यामुळे एक दिवस सगळ्यांना बरं वाटलं.

या सगळ्यात पार्वतीकाकूंचा आपला इलाज चालूच होता. देव्हाऱ्यात रोज सकाळी धूप असायचाच, पहिली जोडी गेली तेव्हापासून संध्याकाळीही. दुसरी गेल्यावर दुप्पट. मामांनी त्यालाही मंजुरी दिली. "धुरात गुन्हेगाराला खोकला येतो. खोकला की सापडला." सगळ्यात आधी खोकला त्यांनाच आला.

रविवारी हॉलमध्ये इतका धूर होता की आसावरीबाई सोफा चाचपडत बसल्या. गोधडी काढली होती. मासे अजून जिवंत होते, पण नुसतेच. पार्वतीकाकू सरबताचा ट्रे घेऊन टाकीच्या आडच उभ्या राहिल्या.

"जरा बाजूला होता का?" आसावरीबाईंनी चष्मा पुसला आणि टाकीवर वाकल्या. "अहो, यातले बुडबुडे फुटले की धूर का निघतोय?"

सगळे वाकले. खरंच. पाण्याखालून बुडबुडा वर यायचा, फुटायचा आणि धुराचा एक बारीकसा पुंजका सोडायचा. मासे पाण्यात बसून विडी ओढतायत, असं दिसत होतं.

आसावरीबाईंनी टाकीतल्या नळीवर बोट ठेवलं आणि ते वर वर नेलं. नळी पंपाला, आणि पंप थेट देव्हाऱ्यात, धुपाटण्याच्या शेजारी. केसरीनाथकाकांनी बंगल्यात खांबांनासुद्धा मार्बल लावलं होतं, पण त्या भिंतीला प्लग एकच, देवाच्या दिव्याचा.

"पंप आजूबाजूची हवा ओढून पाण्यात सोडतो," त्या म्हणाल्या. "इथे हवा आहेच कुठे?"

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," मामा उठून उभे राहिले, "खुनी घरातलाच आहे!"

"मामा, खाली बसा," विनिता म्हणाली.

आसावरीबाईंनी पंप खिडकीत हलवायला लावला आणि पिंपातल्या शिळ्या पाण्याने टाकीतलं अर्धं पाणी बदललं. सरबत संपेपर्यंत एक मासा खाली जाऊन शेपटी हलवायला लागला. त्याच्यामागे दुसरा.

"फक्त हे मी दिलेले नाहीत," आसावरीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता."

पार्वतीकाकूंनी रिकामा ट्रे छातीशी धरला. करिष्माने डोळे मिटले. "गेले वो ते," काकू रडवेल्या झाल्या. "त्यांच्या मागून आनलेलेपन गेले. तुमचा आहेर आमच्याकडे टिकला न्हाय."

"आमच्याकडे तरी कुठे टिकत होते?" आसावरीबाई हसायलाच लागल्या. "आमचे हे रोज तुपातली पोळी कुस्करून घालायचे. इतके मेले, इतके मेले, की शेवटी मी टाकीच तुम्हाला देऊन टाकली. पाणी बदलायचं काय उगीच शिकले मी?"

पार्वतीकाकूंनी ट्रे खाली ठेवला. पदराने डोळे पुसले. "म्हंजे तुमच्या घरातपन असंच हाय?"

"अगदी असंच."

"मग जुलतंय की! धरा तारीख."

करिष्माने विनिताला मिठी मारली. मामांनी सगळ्यांच्या वतीने स्वतःचं अभिनंदन केलं. कॅलेंडर आलं, मार्गशीर्षातला एक दिवस ठरला.

"माझी एकच अट," आसावरीबाई म्हणाल्या. "आता दोन्ही बाजूंनी आहेरात जिवंत काही द्यायचं नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे."

केसरीनाथकाका चपापले. मोबाइल घेऊन ते हळूच ओटीवर गेले. दारापाशी उभ्या असलेल्या विनिताला त्यांचा दबका आवाज ऐकू आला.

"हॅलो... हां, मी केसरीनाथ. अरं, ती म्हैस राहू दे."