हॅल्डनचा आवाज

सभागृहातले दिवे मालवले, पडद्यावरचा रॉय हॅल्डन घोड्यावरून उतरला, गुत्त्याच्या दारात ऐटीत उभा राहिला आणि इंग्रजीत बोलला, तेव्हा अख्खं गाव फिस्सकन हसलं. पिपाणी वाजावी तसा आवाज होता.

फुल्वियोला मात्र घाम फुटला. इटलीत परदेशी नटांचे संवाद पडद्याआडून इथलेच कलाकार इटालियनमध्ये बोलतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण या काउबॉयचा खर्जातला भारदस्त आवाजही उसनाच असेल, हे कोणाच्या मनाला शिवलं नव्हतं. नेमकी आज, हॅल्डनच्या जन्मशताब्दीला, मूळ इंग्रजीतली प्रत आली होती. आणि सिनेमा संपल्यावर फुल्वियोची बायको ओर्नेला भाषण करणार होती. हॅल्डनची सगळी थोरवी त्याच्या आवाजात आहे, असं तिनं महिनाभर खपून लिहिलं होतं.

ती वाकत वाकत त्याच्या खुर्चीपाशी आली. "ऊठ. पडद्यामागे जा. फादर सावेरियो सिनेमाचा आवाज बंद करताहेत. माइकवर तू बोल."

"मी?"

"मग कोण? संवाद पाठ आहेत तुला. आणि आवाज तर तोच आहे तुझा."

तोच होता, हीच तर गोची होती. तरुणपणी एका नाचाच्या कार्यक्रमात फुल्वियोनं गंमत म्हणून हॅल्डनच्या खर्जात विचारलं होतं, "ही खुर्ची रिकामी आहे का?" ओर्नेलानं वळून पाहिलं, आणि तो खर्ज त्याच्या गळ्यात पडला तो कायमचा. चर्चमध्ये लग्नाला होकार दिला तो खर्जात. मुलींना अंगाई म्हटली ती खर्जात. मुली दचकून रडल्या. दाढ दुखली तरी कण्हायचं खर्जातच. स्वतःचा आवाज तो फक्त न्हाणीघरात, नळ सोडून वापरायचा. बायकोनं तो ऐकला तर आपल्यात तिला आवडण्यासारखं उरतं काय, ही धाकधूक त्याला स्वस्थ बसू देत नसे.

पडद्यामागे तासभर सगळं झकास चाललं. मग शेवटच्या झुंजीआधी घसा बसला.

"अरे बोल ना," फादर कुजबुजले. "त्याचे ओठ हलताहेत."

"पाणी द्या."

"पाणी कुठलं आता? तो मरायला टेकलाय."

जखमी हॅल्डन पायरीवर कोसळला होता, नायिका पाठ फिरवून निघाली होती. फुल्वियोनं जिवाच्या आकांतानं तोंड उघडलं आणि बाहेर आली ती पिपाणी. "जाऊ नकोस. मला भीती वाटतेय."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरलं.

ओर्नेला व्यासपीठावर गेली आणि तिनं भाषणाचे कागद पर्समध्ये कोंबले. "आपण या माणसावर अन्याय केला," ती म्हणाली. "खर्जात काय, कोणीही शूर वाटतं. असला चिमणीएवढा आवाज घेऊन जो चार बंदुकांसमोर उभा राहतो, तो खरा मोठा."

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे फुल्वियोचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण उगाच घसा खरवडला, असं त्याला वाटलं आणि एकदम हलकं वाटलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर त्यानं तिचा हात धरला. "ओर्नेला," तो आपल्या आवाजात म्हणाला, "शेवटचा तो आवाज माझा होता. अगदी माझा."

ती खळखळून हसली. "काय हुबेहूब काढलास रे त्याचा! पण आता पुरे झाली नक्कल. हॅल्डनला शोभतो तो आवाज. तू आपल्या आवाजात बोल बघू."

फुल्वियोनं तिच्याकडे पाहिलं. मग खाकरून घसा साफ केला आणि जमेल तेवढ्या खर्जात म्हणाला, "बरं."