कडी आतून लावून बघावी

"आज तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही," फाटकाशी पोचताच बायकोने नवऱ्याला बजावलं. "गाडी मी बघणार."

"बघ की. मी नुसती तपासतो," नवरा म्हणाला.

इथंच तर सगळं घोडं पेंड खायचं. या गृहस्थांनी उभा जन्म कारखान्यात तयार माल तपासण्यात घालवला होता. एखादा नग नापास केला की त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. लोक त्यांना नापासराव म्हणत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. घरात आलेला पंखासुद्धा त्यांनी परत पाठवला होता. आणि बायकोचा जीव अडकला होता मोटरहोममध्ये, म्हणजे पलंग, शेगडी, न्हाणीघर सगळं पोटात घेऊन फिरणाऱ्या गाडीत. जन्मभर चार भिंतींत राबलेल्या त्या बाईला एकदा नदीकाठी गाडी लावून, पाय पसरून चहा प्यायचा होता, बस्स. जुन्या गाड्या पुष्कळ बघून झाल्या. सगळ्या नापास! एक तर म्हणे आरसा तिरका बघतो म्हणून.

"ही पण नापास केलीत, तर मी पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही," ती म्हणाली. हे मात्र ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते.

गाडीचे मालक दाताचे डॉक्टर होते. माणूस हसतमुख. "या काका, या काकू! टायर अगदी नवे घातलेत बरं का."

"का? जुन्यांना काय झालं?"

"इंजिन परवाच साफ करून घेतलं."

"म्हणजे घाण झालं होतं."

"बॅटरी मात्र पहिलीच आहे. अजून कुरकुर नाही."

"अरे देवा! अजून बदललीच नाही?"

रोज लोकांच्या तोंडात हात घालणारे डॉक्टर, पण या तोंडापुढे त्यांचंही काही चालेना. किल्ली आणतो म्हणून ते घरात सटकले.

गाडीत पाऊल टाकताच बायको हरखली. खिडक्यांना पडदे, इवलासा ओटा, पलंगाखाली ऐसपैस खण. नापासराव तोवर गादी हुंगत होते, नळाचं पाणी जिभेवर घेऊन तोंड वाकडं करत होते. मग ते मागच्या टोकाच्या न्हाणीघरात शिरले. कपाटाएवढी जागा, त्यातच संडास, त्यातच शॉवर.

"कडी बाहेरून कळत नाही. आतून लावून बघावी लागते," असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. कट्ट झालं. मग खडखड. मग जरा जोरात खडखड. मग आतून दबका आवाज, "अगं, उघडेना."

बायको दाराशी गेली, तिने हातही पुढे केला. तेवढ्यात डॉक्टर पुढे चढून बसले. "चला, एक चक्कर मारू. काका कुठेत?"

आपण पाप करतोय, असं तिला क्षणभर वाटलं. पण क्षण तो केवढासा!

"त्यांचं आपलं चाललंय तपासणं," ती पुढे येऊन बसत म्हणाली. "आपण जाऊन येऊ." आता यात खोटं काय होतं?

डिझेलचं इंजिन धडधडायला लागलं आणि आतल्या हाका त्यात बुडून गेल्या. धपके मात्र बुडेनात. पहिल्याच खड्ड्यात मागून धाडकन आवाज आला.

डॉक्टर दचकले. "हा आवाज आधी नव्हता हो!"

"नव्हता?" बायको चिंतेने म्हणाली. "मला तर चांगला मुरलेला वाटतोय."

पुढे वळण आलं. धाड, धाड! डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. माणूस मुळात भिडस्त. "काकू, मी किंमत थोडी कमी करतो."

तेवढ्यात गतिरोधक आला. मागे कुणीतरी "आई गं!" केल्यासारखं वाटलं.

"स्प्रिंगचे पाटे कुरकुरतायत," बायको घाईघाईने म्हणाली.

उतारावर तर कहरच झाला. आत नापासरावांनी पडू नये म्हणून जे हाताला लागलं ते धरलं. तो शॉवरचा नळ होता. बघता बघता पाण्याचा ओहोळ डॉक्टरांच्या बुटापर्यंत आला.

"गळतीसुद्धा!" डॉक्टर रडकुंडीला आले. "काकू, तुम्हीच काय ती किंमत सांगा आता."

काकूंनी सांगितली. डॉक्टर लगेच हो म्हणाले. परत फाटकाशी येऊन इंजिन बंद केलं, तर मागून स्पष्ट शब्द आले, "अरे, कुणी आहे का बाहेर?"

डॉक्टर धावले. दाराच्या खालच्या कोपऱ्यावर त्यांनी सराईतपणे लाथ घातली आणि दार उघडलं. आत नापासराव चिंब, कपाळावर टेंगूळ.

"म्हणजे तो आवाज काकांचा!" डॉक्टर ओरडले.

"आणि लाथ कुठे घालायची ते तुम्हाला बरं माहीत," बायको म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "कडीचं सांगायचं राहूनच गेलं. आमची ही एकदा पूर्ण घाट आतच होती. तेव्हापासून गाडीत पाय ठेवत नाही, म्हणून तर विकतोय."

किंमत वाढवायची गोष्ट मग त्यांनी काढलीच नाही. बायकोने धास्तावून नवऱ्याकडे बघितलं. आता शिक्का बसणार! नापासरावांनी चेहरा पुसला, वाकून कडी न्याहाळली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"खांदा लावला, गुडघा लावला, दोन्ही हातांनी ओढली," ते भारावून म्हणाले. "तसूभर हलली नाही! जन्मात असा माल पाहिला नाही. पास!"

"अहो काका, ती बिघडलीय," डॉक्टर म्हणाले. "उद्याच नवी बसवून देतो."

"खबरदार!" नापासराव गरजले.

"नकोच," बायकोही त्याच दमात म्हणाली. "आहे तशीच राहू द्या."

संसारात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. नापासरावांना गहिवरून आलं. तिने कारण काही सांगितलं नाही.